संगणकाच्या सुरक्षेवरील खर्च : फायदा मोजावा कसा?

शटरला कुलूप घेताना आपण कुणी मुनाफा विचारत नाही. परंतु संगणकवाला सुरक्षेचे वार्षिक बिल पुढे ठेवतो तेव्हा लगेच विचारतो, "यातून मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. कापडात घातलेला पैसा विक्रीत दिसतो. सुरक्षेत घातलेला पैसा जे नुकसान झालेच नाही त्यात असतो, म्हणून त्याची मांडणी वेगळी.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 व 13 ऑगस्ट 2018 रोजी संगणकावाटे दरोडा पडला. बनावट कार्डांनी भारतासह अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, तर 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण 94.42 कोटी रुपये गेले. शिवाय काही दिवस सेवा बंद ठेवाव्या लागल्या, तो तोटा निराळाच. त्याआधी जून 2017 मध्ये मेर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत विषाणू शिरला आणि न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम अडले. कंपनीने आपले नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर सांगितले. तेथे तिजोरी फुटली नव्हती. केवळ काम थांबले होते.

आता विरारच्या एखाद्या कापड दुकानाचा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत. उधारीची खाती, भिवंडी-सुरतच्या पार्ट्यांची बिले, जीएसटीचे कागद, सारे एका संगणकात. ते नष्ट झाले तर बुडणारी उधारी आणि अडलेला धंदा मिळून 4 लाखांचा फटका. असे 8 वर्षांत एकदा घडेल असे धरले, तर वर्षाचे अपेक्षित नुकसान 50,000. रोजची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवली, अस्सल सॉफ्टवेअर वापरले, तर फटका 80,000 वर येतो, म्हणजे वर्षाला 10,000. बचत 40,000, खर्च 16,000, निव्वळ फायदा 24,000. खर्चाच्या दीडपट!

पण थांबा. तीच आपत्ती 20 वर्षांत एकदा येणार असेल तर बचत 16,000 च होते आणि फायदा शून्य. सारा डोलारा त्या एका अंदाजावर उभा आहे. सुरक्षा विकणारा हा अंदाज नेहमी वाढवूनच सांगणार. माल विकणे हा त्याचा धंदा आहे. म्हणून त्याला टक्केवारी विचारू नये. किती वर्षांत एकदा आपत्ती आली तर खर्च निघतो, हे आपण काढावे आणि ते पटते का पाहावे.

अमेरिकेतील गॉर्डन व लोब या प्राध्यापकांनी 2002 मध्ये गणित मांडले, की त्यांनी तपासलेल्या प्रकारांत असा खर्च अपेक्षित नुकसानीच्या सुमारे 37 टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या पहिल्या हिशेबात ही मर्यादा 18,500 येते, दुसऱ्यात 7,400.

वर्षभर काही झाले नाही, हा मात्र पुरावा नव्हे. बिनकुलपाच्या दुकानातही वर्ष सुखरूप जाते. मोजायचेच तर हे मोजावे : महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, किती वेळ लागला आणि किती दिवसांच्या नोंदी कमी भरल्या ते वहीत लिहावे. ती डिस्क कायम संगणकाला जोडलेली नसावी, नाहीतर विषाणू मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच गिळतो.