मुकी नक्कल

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर उतरले आणि मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने काही तासांत आडव्या केल्या, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. परंतु त्यानंतरचे जे आठवडे आमच्यासारख्या गावांनी विजेवाचून काढले, त्यांच्या अखेरीस वीज आली ती कशी आली, हे ज्याच्या घरात ती आली त्यालाच ठाऊक. येई, पंखा गुरगुरे, जाई, आणि पुन्हा दुप्पट जोराने येई. अशाच एका येण्यात माझ्या संगणकाची डिस्क गेली.

काचबिंदूने माझी दृष्टी नेली तेव्हा मी एका सरकारी कचेरीच्या नकला विभागात होतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने आरंभिलेला आणि अद्यापही विनामूल्य मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पुढे माझ्या हाती आला, आणि त्याच्या आधाराने देवस्थानाचे जुने हिशेब, वाड्यांच्या वहिवाटीची टिपणे, वृद्धांकडून ऐकलेल्या हकिकती असे बरेच दप्तर मी जमवीत आलो. त्याचा बॅकअप नव्हता असे कोणी समजू नये. होता, आणि यथासांग होता. एका जाणकार तंत्रज्ञाने बाहेरच्या डिस्कवर अख्ख्या संगणकाची ‘इमेज’ घेण्याची तजवीज करून दिली होती. ती नेमाने घेतली जात होती आणि घेतल्याची वर्दीही मला स्क्रीन रीडर देत होता.

नवी डिस्क बसवून देणारा गृहस्थ ती बसवून पुढल्या घरी गेला, कारण त्या दिवसांत त्याला गावोगाव बोलावणे होते. इमेज परत चढवण्यासाठी करून ठेवलेला बचावाचा पेन ड्राइव्ह लावून मी संगणक सुरू केला. पंखा फिरू लागला, आणि त्यापुढे काही नाही. घरी आई होती; तिची नजर उत्तम, परंतु इंग्रजी अक्षरांशी तिचा परिचय नाही. “निळं आहे रे सगळं, मधे पांढरा चौकोन, नि खाली दोन लहान डब्या,” एवढे तिने सांगितले, आणि त्या दोन डब्यांपैकी एक माझे सर्व दप्तर परत आणणारी व दुसरी कदाचित भलतीच डिस्क कोरी करणारी असू शकते हे जाणून मी संगणक बंद केला. पुढे भाचा पनवेलहून येऊ शकला तेव्हा काम एका दुपारचे निघाले. एक अक्षरही गहाळ झाले नव्हते. दप्तर शाबूत होते, फक्त मला त्यात प्रवेश नव्हता.

डोळसांसाठी लिहिलेल्या यच्चयावत मार्गदर्शनात ही बाब आढळत नाही, म्हणून ती विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. स्क्रीन रीडर हा स्वतःच एक प्रोग्रॅम असून तो विंडोजच्या खांद्यावर उभा असतो. विंडोज उठले नाही तर तोही उठत नाही. त्याआधीचा बायोसचा पडदा मुका असतो, आणि बॅकअपच्या अनेक प्रोग्रॅमांसोबत मिळणारी बचावाची डिस्क इतक्या तुटपुंज्या व्यवस्थेवर चालते की तिच्यात वाचक तर नसतोच, बहुधा आवाजाचीही सोय नसते. सबब, ज्याला पडदा दिसत नाही त्याने बॅकअप घेणे सोपे की अवघड हे विचारण्यापूर्वी, तो परत आणताना आपल्याशी कोण बोलणार, हे विचारावे. या प्रश्नाला ‘भाचा’ हे उत्तर वाईट नाही. तथापि भाच्याला नोकरी असते.

इमेज घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र मुख्य भिस्त साध्या फायलींच्या साध्या नकलेवर असावी. विंडोज बसवण्याचा अलीकडचा प्रोग्रॅम विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या असता नॅरेटर या अंगच्याच वाचकाकरवी बोलू लागतो. त्या आवाजाच्या सोबतीने नवे विंडोज बसवावे, एनव्हीडीए घालावा आणि फायली जागच्या जागी परत ठेवाव्या. वेळ अधिक जातो, पण कोणाची वाट पाहावी लागत नाही.

नक्कल करण्यास मी विंडोजमधीलच ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरतो. ती केवळ मजकुरात बोलते, म्हणून आपल्याला सोयीची. तिला ‘ई’ हा पर्याय दिला म्हणजे आतल्या सर्व फोल्डरांसह नक्कल होते. ‘एमआयआर’ हा पर्याय मात्र मूळ ठिकाणी जे उरले नाही ते नकलेतूनही पुसून टाकतो, आणि चुकून पुसलेली फाइल परत मिळावी म्हणूनच जो बॅकअप ठेवतो त्याने या पर्यायाच्या वाटेस जाऊ नये. झाल्या कामाची नोंदवही हवी असेल तर ती ‘युनिलॉग’ या पर्यायाने मागावी, कारण साध्या ‘लॉग’मध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते आणि स्क्रीन रीडर ती मोठ्या निष्ठेने वाचून दाखवतो. ज्यांना आज्ञा लिहिणे नको त्यांनी खुशाल कॉपी-पेस्ट करावे. त्या वेळी एनव्हीडीए प्रगतीची पट्टी चढत्या सुराच्या टिकटिकीने ऐकवतो. पण टिकटिक थांबली म्हणजे काम पुरे झाले असे मानू नये, कारण मध्येच डिस्क निखळली तरी टिकटिक थांबतेच.

आणखी एक जागा सहसा निसटते. मराठी विशेषनामांचे उच्चार सुधारण्यासाठी आपण एनव्हीडीएच्या शब्दकोशात ज्या नोंदी करत जातो त्या डॉक्युमेंट्समध्ये नसून ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात असतात. टूल्सच्या मेनूतून पोर्टेबल प्रत तयार करताना ‘सध्याची मांडणी सोबत घ्यावी’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली की त्या नोंदी पेन ड्राइव्हवर येतात, आणि तो पेन ड्राइव्ह परक्या संगणकालाही आपल्या आवाजात बोलायला लावतो.

नक्कल झाली तरी ती ताडून पाहणे उरतेच. कचेरीत नक्कल करणारा एक आणि रुजुवात घेणारा दुसरा असे, आणि दोघांच्या सह्यांवाचून नक्कल पक्षकाराच्या हाती पडत नसे. आमच्या अलिबागेत याहून थोर दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झाले, आणि नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली. १९०४ साली ती सुरू झाली, पण कुलाब्याची मापने लगोलग थांबवण्यात आली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि नंतरच कुलाब्याची चुंबकीय मापने बंद झाली. घरच्या संगणकाला इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणी म्हणेल. पण बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून ऐकल्याखेरीज जुनी प्रत पुसू नये, एवढा तरी काटेकोरपणा तिथून उचलण्यास हरकत नसावी.

किरकोळ पण उपयुक्त गोष्टी आता भराभर सांगतो. दोन सारख्या डिस्का हाताला सारख्याच लागतात, तेव्हा त्यांवर ब्रेलची पट्टी चिकटवावी आणि संगणकातही त्यांना निरनिराळी नावे द्यावीत, कारण ई-एफ ही अक्षरे आज एकीला तर उद्या दुसरीला मिळतात. खाऱ्या हवेत उघड्या यूएसबीच्या तोंडाला गंज धरतो. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. काम झाल्यावर ती संगणकाला लावून ठेवू नये. विजेच्या ज्या तडाख्याने संगणक जातो त्यात तीही जाते. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली ब्रेलमध्ये लिहून दुसरीकडे ठेवावी. ती त्याच संगणकातल्या फायलीत जपून ठेवणारे विद्वान मला भेटले आहेत.

एक प्रत गावाबाहेर असावी हे वादळाने पटवलेच आहे. इंटरनेटवर ठेवण्यास माझा विरोध नाही, परंतु ज्या आठवड्यांत तिची गरज होती त्या आठवड्यांत इकडे फोनलाही रेंज नव्हती. म्हणून माझी दुसरी डिस्क पनवेलला बहिणीकडे असते, आणि गणपतीला व शिमग्याला ती मंडळी येतात तेव्हा तिची अदलाबदल होते. आलेल्या डिस्कवरचे कोणतेही एक जुने टिपण उघडून मी पहिला परिच्छेद ऐकतो. नीट ऐकू आला तर ती डब्यात जाते. न आला तर त्यांची सकाळची गाडी सुटण्यापूर्वी नवी नक्कल करायला रात्र हाताशी असते.