खोतीच्या अभ्यासातील साधने आणि संदर्भनिर्देश

सामाजिक शास्त्रांतील संशोधन-निबंधात संदर्भनिर्देशाचे कार्य दुहेरी असते. विधान कोणत्या आधारावर उभे आहे हे तो सांगतो आणि त्या आधाराचे बळ किती, हे पडताळण्याची वाट वाचकाला मोकळी करून देतो. पदव्युत्तर प्रबंधिकांत पहिले कार्य बहुधा पार पडते; दुसरे राहून जाते. ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ बिनचूक असूनही साधनाचा प्रकार न सांगितल्यामुळे निष्कर्ष फसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती हा विषय या दृष्टीने उद्बोधक आहे. कारण सरकारी ग्रंथ, कायदा, विधिमंडळातील भाषण, वृत्तपत्र, जनगणना, कादंबरी आणि मौखिक निवेदन अशी सर्व प्रकारची साधने येथे एकत्र येतात.

खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधील वसुलीचा मध्यस्थ. सारा सरकारात भरणे ही त्याची जबाबदारी आणि कुळाकडून उत्पन्नाचा वाटा घेणे हा त्याचा हक्क. धारेकरी, अर्धेली, तिर्धेली अशा कुळांच्या प्रतींवरूनच या व्यवस्थेतील गुंतागुंत लक्षात येते.

१. सरकारी ग्रंथ आणि कायदा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. खोतीविषयीचा पहिला महत्त्वाचा कायदाही १८८० चाच. म्हणजे हा खंड कायद्याच्या परिणामांचा पुरावा होऊ शकत नाही. कायद्यापूर्वीची स्थिती आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांची दृष्टी एवढेच त्यातून मिळते. तथापि या खंडाची नंतर काढलेली आवृत्ती वापरून लेखक-वर्ष पद्धतीने केवळ नव्या आवृत्तीचे वर्ष दिले, तर एकोणिसाव्या शतकातील निरीक्षण विसाव्या शतकातील वाटू लागते. अशा ठिकाणी मूळ वर्ष आणि वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष अशी दोन्ही वर्षे देणे आवश्यक आहे.

विधेयक आणि अधिनियम यांतील भेदही असाच महत्त्वाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. प्रत्यक्ष निर्मूलन १९४९ च्या अधिनियमाने झाले. 'खोती १९३७ मध्ये रद्द झाली' असे विधान करून आंबेडकरांच्या भाषणसंग्रहाचा आधार देणाऱ्या निबंधात संदर्भ खरा आणि विधान खोटे अशी स्थिती उद्भवते. त्यामुळे चळवळ आणि कायदा यांमधील बारा वर्षांचे अंतर, म्हणजेच कुळांच्या प्रतीक्षेचा काळ, इतिहासातून पुसला जातो. शिवाय विधिमंडळातील कामकाजाचे वृत्त इंग्रजीत असल्यास आणि निबंधात मराठी अवतरण दिल्यास अनुवाद कोणाचा हे नमूद करावे. अन्यथा अनुवादकाचा शब्द वक्त्याच्या नावावर जमा होतो.

२. वृत्तपत्र

खोतांच्या हक्कांची बाजू 'केसरी'ने मांडली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या काळातील अग्रलेख सामान्यतः निनावी असत. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला आणि १८८७ पर्यंत त्याचे संपादकत्व गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे होते. म्हणून या वर्षांतील निनावी मजकूर अन्य पुराव्यावाचून लोकमान्य टिळकांच्या नावे उद्धृत करणे सयुक्तिक नाही. पत्राचे नाव, अंकाची तारीख व लेखाचे शीर्षक देऊन लेखकाच्या जागी 'निनावी' असे लिहावे. कर्तृत्वाचा निर्णय करायचा झाल्यास तो निबंधात स्वतंत्रपणे, आधारासह करावा. संदर्भटीपेत नाव घालून तो गुपचूप उरकू नये.

३. आकडे आणि सीमा

आकडेवारीच्या संदर्भात वर्ष दिले की काम संपते, असा समज रूढ आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत तो विशेष घातक ठरतो. १८८० च्या 'रत्नागिरी जिल्ह्या'त मालवण व वेंगुर्ले होते. सावंतवाडी हे निराळे संस्थान होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. म्हणजे १९७१ च्या जनगणनेतील 'रत्नागिरी' आणि १९९१ च्या जनगणनेतील 'रत्नागिरी' या दोन भिन्न भूप्रदेशांच्या संज्ञा आहेत. त्यांची सरळ तुलना करून लोकसंख्या घटल्याचा आणि ती घट मुंबईकडील स्थलांतरामुळे झाल्याचा निष्कर्ष काढणे म्हणजे नकाशातील बदलाला माणसांचे जाणे समजणे होय.

याउलट २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये लोकसंख्या १६,१५,०६९ वर आली, ही घट जिल्हा तोच असताना झालेली आहे. तेथेही एक सावधगिरी हवी. २०११ च्या तात्पुरत्या आकडेवारीत ही संख्या १६,१२,६७२ होती. दोन निबंधांत दोन आकडे आढळले, तर एक चुकीचा असेलच असे नाही. परंतु आकडा तात्पुरता की अंतिम हे संदर्भात नसेल, तर वाचकाला निर्णय करता येत नाही.

४. कादंबरी

साहित्याच्या अभ्यासकांना सर्वांत जवळचे आणि म्हणूनच सर्वांत अवघड साधन हे आहे. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांचा काळ तिच्यात येतो. पेंडसे यांचा जन्म १९१३ मध्ये दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. म्हणजे तो भूभाग त्यांच्या परिचयाचा होता. तथापि कादंबरीतील प्रसंग 'एकोणिसाव्या शतकात खोत असे वागत' या विधानाचा पुरावा म्हणून देता येत नाही. निर्मूलनानंतरच्या काळात एका समर्थ लेखकाच्या कल्पनेत खोती कशी उभी राहिली, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. अवतरण देताना ते निवेदकाचे की पात्राचे, आणि पात्राचे असल्यास ते पात्र खोत की कूळ, हे सांगितले पाहिजे. पात्राच्या तोंडचा अभिनिवेश लेखकाचे मत म्हणून उद्धृत करणे हा दोष समीक्षेत जेवढा गंभीर, तेवढाच समाजशास्त्रातही.

५. मौखिक निवेदन

वरील साधनांत कुळाचा आवाज थेट क्वचितच येतो. दप्तर सांभाळले ते खोताने व सरकारने. वृत्तपत्रे चालवली ती शिक्षितांनी. कुळांच्या वंशजांची निवेदने नोंदवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. पण 'स्थानिक लोकांकडून मिळालेली माहिती' एवढीच टीप दिली, तर तो आवाज पुन्हा अनामिक गर्दीत हरवतो. मुलाखतीची तारीख, गाव, निवेदकाचे अंदाजे वय, कुटुंबाचा जमिनीशी असलेला संबंध आणि माहिती प्रत्यक्ष पाहिलेली की वडिलांकडून ऐकलेली, या गोष्टी नोंदल्या पाहिजेत. जमिनीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत असल्याने नाव उघड करणे निवेदकास बाधक ठरू शकते. अशा वेळी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा आणि मूळ नोंद सुरक्षित ठेवावी. निवेदकाचा संगमेश्वरी बोलीतील शब्द प्रमाण मराठीत बदलून अवतरणचिन्हांत ठेवू नये; कारण अवतरणचिन्ह ही शब्दशः उच्चाराची हमी असते.

६. पद्धतीचा प्रश्न

तळटीप की लेखक-वर्ष, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. आधुनिक ग्रंथांसाठी लेखक-वर्ष पद्धत सुटसुटीत आहे. दप्तरे, निनावी लेख व मुलाखती यांना तळटीप अधिक मानवते. कोणतीही एक पद्धत निवडून ती अखेरपर्यंत पाळावी. 'तत्रैव' हा शब्द मात्र अंतिम प्रतीतच घालावा, कारण मध्ये एक टीप वाढली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्यासारखे देऊ नये; 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

या बाबतीतला आदर्श दूर शोधण्याची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या म. म. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या तळटिपांत मूळ संस्कृत वचने स्थलनिर्देशासह दिलेली आहेत. त्यामुळे काणे यांचा निष्कर्ष मान्य नसलेल्या वाचकालाही त्यांच्याच टिपांच्या आधारे त्यांच्याशी वाद करता येतो. खोतीसारख्या विषयात, जेथे हक्क कोणाचा आणि अन्याय कोणावर हाच प्रश्न आहे, तेथे वाचकाचा हा अधिकार राखणे संशोधकाचे कर्तव्य ठरते.