दवा आणि दुवा

विद्यार्थी मित्रांनो, 'दवा' आणि 'दुवा' हे दोन शब्द तुम्ही घरात नेहमी ऐकता. आजारी माणसाला हकीमसाहेब दवा देतात आणि दादीअम्मा त्याच्यासाठी दुवा मागतात. हे दोन्ही शब्द मराठीतही आहेत. दवा आणि दुवा एकाच माणसाकडे मागण्याची रीत आपल्या खानदेशात फार जुनी आहे. चला, आज त्या माणसाची ओळख करून घेऊ.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुडा पर्वत आहे. रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर हे तालुके त्याच्या पायथ्याशी आहेत. नंदुरबारचा भागही पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी असे आदिवासी राहतात. जळगाव जिल्ह्यातील तडवी समाजात बहुतेक लोक मुसलमान आहेत. तुमच्या ओळखीचेही कोणी तडवी असेल.

सातपुड्याच्या पाड्यांवर कोणी आजारी पडले, की लोक भगताला बोलावतात. काही ठिकाणी त्याला 'बडवा' म्हणतात. भगताची विद्या पुस्तकात लिहिलेली नसते. तो ती वडिलांकडून किंवा गुरूकडून शिकतो. गुरूच्या मागे जंगलात हिंडतो. कोणत्या झाडाची साल घ्यायची, कोणत्या वेलीचे मूळ खणायचे, हे डोळ्यांनी पाहून लक्षात ठेवतो. हगवणीवर कुड्याची साल, खोकल्यावर अडुळसा, तापावर गुळवेल, मोडलेल्या हाडावर हाडजोडीचा लेप, अशी त्याची औषधे असतात.

पण भगताचे काम औषध देऊन संपत नाही. तो रोग्याजवळ बसतो. धान्याचे दाणे मांडून आजाराचे कारण शोधतो. देवाला साकडे घालतो. वाघदेवाची पूजाही गावाच्या वतीने तोच करतो. त्यामुळे रोग्याला वाटते, 'मी एकटा नाही. सारा गाव माझ्यासाठी काही मागत आहे.' आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या आपल्या दादीअम्मा आठवा. श्रद्धा वेगळी असली, तरी माया तीच.

आता तुम्ही विचाराल, 'सर, भगताची विद्या खरी की खोटी?' याचे उत्तर एका झुडपाच्या गोष्टीतून मिळते.

त्या झुडपाचे नाव सर्पगंधा. भारतातील वैद्य, हकीम आणि भगत त्याचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. साप चावल्यावर लोक ते देत आणि मन बिघडलेल्या माणसालाही देत. दिल्लीचे मोठे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांना वाटत होते, की जुन्या औषधांची नव्या शास्त्राने परीक्षा व्हावी. त्यांनी हे काम सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवले. सिद्दीकींनी १९३१ साली सर्पगंधाच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या आठवणीसाठी त्याला 'अजमलीन' हे नाव दिले. त्याचा उपयोग हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर झाला. पुढे १९५२ साली याच मुळातून 'रिसर्पिन' मिळाले. ते रक्तदाबावर आणि मनाच्या आजारांवर वापरले गेले.

पण सापाच्या विषावर सर्पगंधा चालत नाही. म्हणजे जुन्या विद्येत मोतीही होता आणि चूकही होती. परीक्षा केली, तेव्हाच दोन्ही कळले.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. चोपडा तालुक्यात मामूंच्या कापसाच्या शेतात तुम्ही निंदणीला गेला आहात. तुमच्या भावाला साप चावला. आता काय कराल? कोणी म्हणेल, 'मंत्र घाला.' कोणी म्हणेल, 'जखम कापा.' यातले काहीही करू नका. भावाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हातपाय हलवू देऊ नका, घट्ट बांधूही नका. १०८ क्रमांकावर फोन करून त्याला लगेच सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या विषारी सापांवर तिथे लस मिळते. ती घोड्याच्या रक्तातून तयार करतात. मंत्रात गेलेला एक तासही जिवावर बेतू शकतो. समजदार भगत स्वतःच सांगतो, 'आधी डॉक्टरकडे न्या. मी इथे देवाला हात जोडतो.'

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कधी कधी आजाराचे खापर एखाद्या गरीब बाईवर फोडले जाते. 'ही डाकीण आहे,' असे म्हणून तिला मारतात, गावाबाहेर काढतात. हा मोठा जुलूम आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे.

मित्रांनो, भगताला हसू नका आणि त्याचे सारे डोळे मिटून मानूही नका. त्याला जंगल वाचता येते. ती विद्या लिहून ठेवली नाही, तर म्हाताऱ्या भगताबरोबर ती मातीत जाईल. म्हणून त्याच्याकडून झाडे ओळखायला शिका. औषधाची परीक्षा शास्त्राला करू द्या. दुवा जरूर मागा. पण दवेला उशीर करू नका.

शब्दार्थ
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
साकडे घालणे – देवाला कळकळीने विनवणे
लेप – अंगावर लावायचे वाटलेले औषध
खापर फोडणे – दुसऱ्याला दोष देणे

स्वाध्याय
१. भगत आपली विद्या कशी शिकतो?
२. 'अजमलीन' हे नाव कोणाच्या आठवणीसाठी दिले?
३. साप चावल्यावर काय करावे आणि काय करू नये?
४. तुमच्या दादी किंवा नानींना विचारून घरगुती औषधाच्या दोन वनस्पतींची नावे मराठीत व उर्दूत लिहा.