इंजिनाचा कान

वर्गांतील लांब बाकाच्या एका टोकाला टिकटिक करणारें घड्याळ ठेवा आणि दुसऱ्या टोकाला कान टेकवा. टिकटिक स्पष्ट ऐकूं येते. आतां कानाखालीं चौघडी केलेला रुमाल ठेवा. घड्याळ तेंच, बाक तोच, कानही तोच. परंतु आवाज मंदावतो. मोटारीच्या ज्या लहानशा भागाविषयीं आम्ही आज लिहीत आहों, त्याचें सारें मर्म या प्रयोगांत आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पडली म्हणजे ज्वाला सिलिंडरमध्यें क्रमाक्रमानें पसरते. कधीं कधीं मात्र ती पोंचण्यापूर्वींच दूरच्या कोपऱ्यांतील वायुमिश्रण उष्णतेनें व दाबानें आपोआप पेटतें. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात व ठकठक ऐकूं येते. यासच नॉकिंग म्हणतात. तें बळावल्यास पिस्टन फुटतो. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांत हीं कंपनें सेकंदाला सुमारें साडेसहा हजार असतात. व्यास वाढला कीं संख्या उतरते.

हीं कंपनें ऐकणारा कान म्हणजे नॉक सेन्सर. कांहीं स्फटिकांवर दाब दिल्यास वीज उत्पन्न होते, असें जाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर सेन्सर कंपनांची वीज करितो. ती पोंचतांच इंजिनाचा संगणक ठिणगी किंचित् उशिरां पाडतो व नॉकिंग थांबवितो.

मोटारींत दुसरें इंजिन बसवितांना हा कान नीट टेकला नाहीं, तर सारें व्यर्थ. मधोमध भोंक असलेला सेन्सर बोल्टनें ब्लॉकवर आवळतात. त्याखालची जागा सपाट, कोरडी व उघड्या धातूची असावी. नव्या इंजिनास हौसेनें दिलेला रंग तेथें राहूं देऊं नये, आणि वॉशर तर मुळींच घालूं नये. तो वर सांगितलेला रुमालच होय. पत्र्याच्या पट्टीवर सेन्सर लावणेंही चूक, कारण पट्टी स्वतःच थरथरते. बोल्ट टॉर्क रेंचनें आवळावा. बहुधा सुमारें २० न्यूटन-मीटर पुरतात, तरी त्या इंजिनाच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. सैल राहिल्यास कान बहिरा होतो; फाजील आवळल्यास दुखावतो.

दुसरी चूक जातीची. अमेरिकेंत जुन्या मोटारींत शेव्हर्लेचें एल. एस. जातीचें आठ सिलिंडरांचें इंजिन पुष्कळ हौशी लोक बसवितात. १९९७ च्या एल. एस. १ इंजिनांत दोन्ही सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखालीं, सिलिंडरांच्या दोन ओळींमधील दरींत असतात. ते स्वतःच्या आट्यांनीं बसतात व त्यांना एकच तार असते. विजेचा परतीचा मार्ग ब्लॉकमधूनच जातो. म्हणून आट्या स्वच्छ हव्यात, त्यांवर टेप गुंडाळूं नये. २००५ च्या एल. एस. २ मध्यें सेन्सर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंस, बोल्टनें बसणारे व दोन तारांचे आहेत. एका पिढीच्या संगणकाला दुसऱ्या पिढीचा सेन्सर जोडल्यास त्याला तें बोलणें नीट उमजत नाहीं.

उलट, एखादा सैल ब्रॅकेट ब्लॉकवर आपटत असेल, तर संगणक त्यालाच नॉकिंग समजतो व विनाकारण शक्ति घटवितो. अशा वेळीं कंटाळून सेन्सरची तार काढून टाकणारे कारागीर असतात. पालकांनीं याला संमति देऊं नये. मोटार त्या दिवशीं झोकांत धांवेल. पण पुढें चढावर, भर उन्हांत, ओझें घेऊन जातांना इंजिनाला सावध करणारें कोणी उरणार नाहीं.

कान चांगला असून भागत नाहीं. तो जेथें टेकावयाचा तेथें नीट टेकला पाहिजे. कारखान्यांतून मोटार घरीं आणण्यापूर्वीं एवढें तरी विचारावें: सेन्सरखालचा रंग खरवडला काय, बोल्ट मापून आवळला काय, आणि सेन्सर या संगणकाच्याच जोडीचा आहे काय?