एकेका सभासदाशी बोलावे कसे? : गट कार्यकर्त्यांसाठी पाठ



सभेत माणूस मान डोलावतो आणि मनातली शंका घरी घेऊन जातो. तीच शंका तोडीच्या वेळी बाहेर पडते आणि नोंदलेला ऊस गुऱ्हाळाची वाट धरतो. म्हणून सावेडीच्या वर्गात आम्ही कार्यकर्त्यांना भाषणाआधी एकेकाशी बोलणे शिकवतो.

ही रीत आपल्याच जिल्ह्याची आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली लोणीत सहकारी पतपेढी काढली. पुढे प्रवरेच्या कारखान्याचे भागभांडवल जमवायला ते गावोगाव फिरले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. धुराडे उभे नसताना शेअरचे पैसे देणे म्हणजे समोरच्या माणसावर भरवसा टाकणे होते. तिकडे कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांनी १९६२ साली शेतमजुरांची संघटना उभारली, तीही घरोघरी बसून, बोलूनच.

आता पद्धत पाहू.

१) आधी निरोप द्या. धारेच्या किंवा पाण्याच्या पाळीच्या वेळी जाऊ नका. एकटे जा, चौघे गेले की वसुली वाटते.

२) पहिल्या भेटीत काही मागू नका. ‘तात्या, टनेज किती पडेल?’ म्हटले की आकडा मिळतो अन् बोलणे संपते. ‘तात्या, मागचा हंगाम कसा गेला तुम्हाला?’ असे विचारा आणि गप्प बसा. हुमणी, मुकादमाचे पैसे, पोरीचे शिक्षण, जे निघेल ते ऐका.

३) स्वतःचेही थोडे सांगा. नुसतेच विचारत राहिलात तर ती चौकशी होते.

४) हातात नाही ते कबूल करू नका. ‘उद्या तोड लावतो’ऐवजी ‘विचारून गुरुवारी सांगतो’ म्हणा. उत्तर नकाराचे असले तरी गुरुवारी जाच.

५) घरातल्या बाईशीही बोला. सातबारा कोणाच्याही नावे असो, लागणीपासून खोडव्यापर्यंतचा खर्च तिला पाठ असतो.

६) एका दारचे दुसऱ्या दारी नेऊ नका. गावात भावकी असते, पार्ट्या असतात. शब्द एकदा फुटला की पुढची दारे बंद होतात.

घरी आल्यावर दोन ओळी लिहा: काळजी कशाची, पुन्हा जायचे केव्हा. तक्रार खरी असेल तर सभासदाला विचारून शेतकी ऑफिसात आणा. तक्रार दाबण्यासाठी हे बोलणे नाही, हे ध्यानात असू द्या.

आठवड्याला तीन घरे केली तरी वर्षाला दीडशेवर होतात. हंगामाआधी प्रत्येक गटाने सुरुवात करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी