कुटुंबाची न्याहारी : शेतातील धान्य सकाळच्या ताटात

ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कडधान्ये पिकविणाऱ्या अनेक घरांत आज दिवसाची सुरुवात चहा-बिस्किटाने किंवा चहा-खारीने होते. घरचे धान्य बाजारात जाते आणि त्याच पैशातून मैद्याचे तयार पदार्थ घरात येतात. मुले अशाच न्याहारीवर शाळेत जातात. शेतात राबणारी गृहिणी तर पुष्कळदा केवळ चहा घेऊन कामाला लागते. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. न्याहारीतील बदल हा त्यावरील संपूर्ण उपाय नव्हे; तथापि शेतकरी कुटुंबाच्या हाती असलेला तो सर्वांत जवळचा उपाय आहे.

भरडधान्यांचे पोषणमूल्य

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम असते; पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलीग्रॅमहूनही कमी असते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलीग्रॅम लोह असते, तर पांढऱ्या तांदळात १ मिलीग्रॅमपेक्षा कमी. ‘धनशक्ती’सारख्या लोहसमृद्ध वाणांमध्ये हे प्रमाण आणखी अधिक आढळते. घरापुरती बाजरी पेरताना अशा वाणाची निवड केल्यास शेतातील निर्णयाचा लाभ थेट ताटापर्यंत पोहोचतो.

न्याहारीची त्रिसूत्री

१. तृणधान्याला कडधान्याची जोड द्यावी. तृणधान्यांतील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. इडलीतील तांदूळ व उडीद किंवा भाजणीतील ज्वारी व हरभरा ही याच तत्त्वाची पारंपरिक उदाहरणे होत.

२. धान्य भिजवावे, मोड आणावेत किंवा आंबवावे. धान्यातील फायटिक आम्ल लोह व जस्त यांचे शोषण रोखते. या प्रक्रियांमुळे त्याचे प्रमाण घटते.

३. आंबट फळ सोबत असावे आणि चहा दूर असावा. लिंबू, आवळा व पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते, तर चहातील टॅनिन त्यास अडथळा आणते. म्हणून चहा न्याहारीसोबत न घेता सुमारे एक तासाच्या अंतराने घ्यावा.

घरी सहज होणारे पदार्थ

*नाचणीची आंबील :* चार चमचे नाचणीचे पीठ रात्री अर्ध्या वाटी ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ढवळत सोडावे व ८ ते १० मिनिटे शिजवावे. कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड व ठेचलेला लसूण घालावा. कर्नाटकात ‘अंबली’, ओडिशात ‘मांडिया जाऊ’ आणि गोव्यात गूळ-नारळ घातलेले ‘तिझण’ या रूपांत नाचणीची पेज परिचित आहे. राजस्थानात बाजरीचे पीठ ताकात शिजवून राबडी करतात, तर तमिळनाडूत बाजरीचे ‘कूळ’ होते.

*थालीपीठ :* ज्वारी व बाजरी प्रत्येकी २ वाट्या, तांदूळ व हरभरा डाळ प्रत्येकी १ वाटी, उडीद अर्धी वाटी आणि धणे पाव वाटी हे जिन्नस वेगवेगळे भाजून एकत्र दळावेत. भाजणी तयार असल्यास मेथी, शेवगा किंवा कांद्याची पात चिरून घातलेले थालीपीठ दहा ते पंधरा मिनिटांत होते. सोबत दही घ्यावे.

*हिरव्या मुगाचे धिरडे :* आंध्र प्रदेशातील ‘पेसरट्टू’साठी सालासह मूग रात्री भिजवून सकाळी आले, मिरची व मूठभर तांदळासह वाटतात. हे पीठ आंबविण्याची गरज नसते.

*सत्तू :* बिहार-झारखंडमधील भाजलेल्या हरभऱ्याचे हे पीठ विस्तवाशिवाय होणारी न्याहारी होय. पाण्यात कालवून कांदा, मीठ व लिंबू घातले की शेतावर नेण्याजोगे पेय तयार होते. १०० ग्रॅम सत्तूतून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात.

*लहान बालकांसाठी नाचणीचे सत्त्व :* नाचणी १२ तास भिजवून, कापडात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत. वाळवून, हलके भाजून दळावी. मोड येताना तयार होणाऱ्या अमायलेज विकरामुळे खीर पातळ राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ घालता येते आणि लहान पोटाच्या बालकाला अधिक ऊर्जा मिळते. फार भाजल्यास हे विकर निष्क्रिय होते. सहा महिने पूर्ण झाल्यानंतर स्तनपानासोबत ही खीर सुरू करता येते.

साठवणुकीतील दक्षता

बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. ते आठवड्यापुरतेच दळावे. भाजणी व सत्त्व पूर्ण थंड झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. मोड आणलेले धान्य नीट न वाळल्यास त्यास बुरशी लागते. असा वास किंवा रंग आढळल्यास ते वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

न्याहारीचा सल्ला देताना गृहिणीच्या वेळेचा विचार आवश्यक आहे. पहाटे पाणी, जनावरे व स्वयंपाक सांभाळणाऱ्या महिलेवर नव्या पदार्थाचा भार टाकल्यास तो पदार्थ टिकत नाही. म्हणून आठवड्याची भाजणी किंवा सत्त्व महिला बचत गटाने एकत्र तयार करावे व घरातील इतरांनी रात्रीच्या भिजवण्यात हातभार लावावा. प्रात्यक्षिकात स्थानिक धान्य आणि स्थानिक पदार्थच घ्यावेत. गृहिणीही सर्वांसोबत न्याहारी करील, हा आग्रह धरावा. पीक विक्रीस नेण्यापूर्वी वर्षभराच्या न्याहारीपुरते धान्य घरात राखून ठेवण्याचे नियोजन खरीप व रब्बी हंगामाच्या बैठकांतच व्हावे. पोषणबागेतील लिंबू, शेवगा व पालेभाज्या यांची त्यास जोड मिळाल्यास कुटुंबाच्या पोषणाचा पाया स्वतःच्याच शेतात घातला जाईल.