गल्ल्यातला बॅकअप पुरात वाचेल का?

प्रश्न : २०२१ च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर बुडाला, हिशेब गेले. आता रोज रात्री टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन गल्ल्यात ठेवतो. एवढं पुरेसं आहे ना?
– एक व्यापारी, चिपळूण

उत्तर : रोजची सवय लागली, हे अवघड काम तुम्ही केलंत. चूक फक्त जागेची आहे. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा त्यानं कॉम्प्युटर आणि गल्ला असा भेद केला नाही.

दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरा. एक रात्री खिशातून घरी न्या, घर उंचावर असेल तर उत्तमच. कॉम्प्युटरला एकही कायमचा लावून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या ड्राइव्हलाही कुलूप घालतं. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवा, पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इथं फाइल बिघडली की तिथंही बिघडते. जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा घ्या.

महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून शिल्लक ताळून पाहा. हे बहुतेक जण टाळतात आणि तिथंच फसतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, म्हणून वर्षाअखेरची प्रत वेगळी काढा.

बुडालेली हार्ड डिस्क अजून घरात असेल, तर ती चालू करून पाहू नका. डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.